दाखल्याच्या दहा प्रती

बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. विषय नव्हता असं नाही, पण जो होता तो घरातला होता, आणि हे वाचणाऱ्यांत निम्मे लोक घरातलेच आहेत. (मावशी, आधी शेवटपर्यंत वाच आणि मग फोन कर. मध्येच नको.) वहिनींना विचारलं, लिहू का? म्हणाल्या, "लिहा की. नाव-गाव घालू नका म्हणजे झालं."

तर झालं असं. डिसेंबर २०२५ मध्ये आमच्या गावच्या नगरपरिषदेची निवडणूक झाली. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांसारखी आमच्याकडेही तीन-चार वर्षं नुसती प्रशासकांची राजवट होती. कुणाकडे जावं, तर जायला नगरसेवकच नव्हता. आता आलाय. निवडून आल्यावर आभार मानायला गल्लीतून फिरला, वहिनींच्या दारात उभा राहून म्हणाला, "काही काम असेल तर हक्काने सांगा." असं सगळेच म्हणतात. पण वहिनी म्हणाल्या, "सांगते. आठ दिवस द्या, लिहून देते." आणि संध्याकाळी मला फोन. "भाऊजी, तुम्ही लिहिता ना काय काय? मग हे लिहून द्या."

अर्ज लिहायला बसलो तर एका पानात मावेना. जे अर्जात बसलं नाही ते इथे.

दादा गेला एप्रिल २०२१ मध्ये, आमच्याच गावातल्या दवाखान्यात. थोरली नऊ वर्षांची, धाकटा चार. ते दिवस कसे होते ते सगळ्यांनाच माहीत आहे, त्यावर नको लिहायला. मृत्यूचा दाखला आणायला मी गेलो होतो. खिडकीतल्या माणसाने मास्कच्या आतून विचारलं, "प्रती किती?" मी म्हटलं, दोन. त्याने मान वर करून पाहिलं. "मुलं लहान आहेत का?" हो म्हटलं. "मग दहा घ्या. लागतात."

मला तेव्हा जरा राग आला होता. आता वाटतं, त्या सबंध वर्षात सरकार नावाच्या यंत्रणेतल्या एका माणसाने आपणहून विचारलेला तो एकमेव कामाचा प्रश्न होता. मुलं लहान आहेत का? आणि तो प्रश्न कुठल्याही कागदावर नव्हता. त्याचा त्याने विचारला आणि उत्तर हवेत विरून गेलं.

कागदावर काय असतं ते मी मागाहून पाहिलं. मृत्यूची माहिती द्यायचा जो छापील नमुना असतो त्यात मृताचं वय, धर्म, व्यवसाय, मरणाचं कारण, शेवटी औषधोपचार मिळाला होता का, हे सगळं विचारतात. विडी-सिगारेट ओढायचा का, तंबाखू खायचा का, सुपारी किंवा पानमसाला खायचा का, दारू प्यायचा का, आणि किती वर्षं. रोगांच्या अभ्यासाला ते लागत असणार, माझी तक्रार नाही. पण मेलेला माणूस किती वर्षं सुपारी खात होता हे सरकारला लिहून हवं असतं, आणि त्याच्यामागे घरात अठरा वर्षांखालची किती मुलं उरली, हा रकाना त्यात नाही.

आता ही नोंद ठेवतं कोण? खेड्यात ग्रामपंचायत, शहरात नगरपरिषद किंवा महापालिका. १९६९ च्या कायद्याने मृत्यू एकवीस दिवसांत कळवायचा असतो. म्हणजे एखादं घर एका पालकावर आलं, ही बातमी सरकारच्या ज्या पायरीला सर्वांत आधी कळते ती स्थानिक पायरी. मुंबईला नाही, दिल्लीला नाही. तिथल्या वहीत ते लिहिलेलं असतं. आणि तरीही त्या बाईनेच पुढची दोन वर्षं खिडकीखिडकीला जाऊन सांगत राहायचं, की माझा नवरा वारला.

दहा प्रतींचं काय झालं सांगतो. एक बँकेत, एक विम्याला, एक गॅसच्या एजन्सीत, एक रेशनकार्डासाठी, एक दादा कामाला होता तिथे. एक त्या वेळच्या पन्नास हजारांच्या सानुग्रह मदतीला. एक मुलांच्या शाळेत. आणि आठवी (ही ऐकून मी हसलो होतो, वहिनी नव्हत्या हसल्या) नगरपरिषदेच्याच घरपट्टी विभागात, घराला नाव लावायला. मृत्यू नोंदणीची खिडकी आणि घरपट्टीचं टेबल यांत एक लाकडी कपाट आहे. कपाटाच्या अलीकडून दिलेला कागद पलीकडे पुरावा म्हणून जोडायचा. वर अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टँप. घरपट्टीच्या थकबाकीची नोटीस मात्र दादाच्या नावाने वेळेवर आली होती, त्याच टेबलावरून.

नववी प्रत बालसंगोपनाला गेली. ही योजना बऱ्याच जणांना माहीत नसते. राज्याच्या महिला व बालविकास खात्याची आहे, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलंय. आई किंवा वडील गेलेल्या मुलांना मुलामागे महिन्याला पूर्वी अकराशे मिळायचे, आता २२५० रुपये. रक्कम मोठी नाही, पण दोन मुलांची वह्या-पुस्तकं, रिक्षा, एखादा क्लास यांना आधार होतो. तिला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाइड, बँकेचं खातं, आणि मुलांना घेऊन पालकाने घरासमोर उभं राहून काढलेला फोटो. या फोटोने वहिनी कधी नव्हे त्या चिडल्या. "घरासमोर कशाला? आम्ही पळून जाणार आहोत का घर घेऊन?" फोटोत धाकटा हसतोय. त्याला वाटलं वाढदिवस आहे.

हे सगळं जमवून, जिल्ह्याच्या गावी तीन खेपा घालून, समितीपुढे मुलांना उभं करून पैसे सुरू व्हायला चौदा महिने लागले. त्यातही ही योजना आहे हे आम्हाला कळलं ते एका वर्तमानपत्रातल्या चौकटीतून. ज्या खिडकीने दहा प्रती दिल्या तिने प्रतींसोबत एक अर्धं पान हातात ठेवलं असतं, की बाई, लहान मुलं असतील तर हा अर्ज इथेच भरा, तर काय बिघडलं असतं? खर्च म्हणाल तर झेरॉक्सचा.

कुणी म्हणेल, एवढं सोपं असतं तर झालं नसतं का? झालं होतं, म्हणूनच बोलतोय. २०२१ मध्ये कोरोनाने नवरे गेलेल्या बायकांसाठी हेरंब कुलकर्णी आणि अनेक संस्था-कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, सरकारने 'मिशन वात्सल्य' काढलं, तालुक्या-तालुक्यात तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली समित्या झाल्या. कल्पना अशी, की बाईने खात्याकडे न जाता खात्यांनी बाईकडे जायचं. सगळीकडे सारखं झालं नाही, आमच्याकडे तर यथातथाच. पण शक्य झालं कशामुळे? तर यादी होती. कोरोनाने कोण गेलं याची यादी तयार होती आणि ती हातात घेऊन माणसं घरोघरी गेली.

वहिनींच्या पलीकडच्या घरातला माणूस त्याच वर्षी ट्रॅक्टर उलटून गेला. दोन मुलं. त्याची यादी नव्हती. त्याच्या बायकोकडे कुणीही गेलं नाही. ती गल्लीतच, मुलंही त्याच वयाची, फक्त मरणाचं कारण वेगळं.

यादी नव्हती असं तरी कसं म्हणू? नोंदवहीत होतंच की नाव. २०२३ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. आता देशभराच्या नोंदी एका ठिकाणी जमतात, आणि ती माहिती मतदारयादी, रेशनकार्ड, आधार, पासपोर्ट यांचं काम बघणाऱ्यांना देता येते. म्हणजे मेलेल्याचं नाव यादीतून कमी करायची सोय झाली. रेशन कमी करायला जी माहिती एका टेबलावरून दुसऱ्यावर जाऊ शकते, ती बालसंगोपनाचा अर्ज उघडायला का जाऊ नये? पूर्वी अडचण होती, की माणूस पुण्या-मुंबईच्या दवाखान्यात गेला तर नोंद तिथे व्हायची आणि गावाला पत्ताच नसायचा. आता ती सबबही उरली नाही. माझ्या अर्जातलं पहिलं कलम हेच आहे: पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक मृत्यूनंतर महिन्याभरात पालिकेचा एक माणूस किंवा अंगणवाडी सेविका त्या घरी जावी, आणि मुलं असतील तर सगळे अर्ज घरात बसून भरून घ्यावेत. (अंगणवाडी सेविकांवर आधीच किती कामं टाकली आहेत ते मला माहीत आहे. त्यांना याचे वेगळे पैसे द्यावेत, हे कलम दीड.)

निराधार योजनेचं काय, असं मामांनी तेव्हा विचारलं होतं. संजय गांधी निराधार अनुदान. २०२३ पासून महिन्याला दीड हजार. पण त्याला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत लागतं. एकवीस हजार भागिले तीनशे पासष्ट करून बघा, दिवसाला अठ्ठावन्न रुपयेसुद्धा होत नाहीत. वहिनी एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करतात, कमिशनवर. चहाच्या टपरीपासून सराफापर्यंत दुकानं फिरायची. त्या कमिशनने त्या निराधार राहिल्या नाहीत. चांगलंच आहे म्हणा.

पण पिग्मीचं काम असं, की दुकानदार पैसे देतो गल्ला मोजताना. म्हणजे संध्याकाळी सहा ते साडेआठ. शाळा सुटते पाचला. अंगणवाडी दुपारच्या आत बंद. मधल्या वेळात चार वर्षांचं पोर कुठे ठेवायचं? पहिलं वर्षभर शेजारच्या आजी होत्या, मग त्या मुलाकडे कोल्हापूरला गेल्या. त्यानंतर ते काम थोरलीकडे आलं. ती शाळेच्या खो-खोच्या संघात होती. सराव साडेपाच ते सात. दहाव्या वर्षी तिने खो-खो सोडला. कुणी सोड म्हटलं नाही, रडारड नाही, एक दिवस गेली नाही, बस. मला हे कळलं दोन वर्षांनी, तेही तिच्या बुटांवरून. मी दिवाळीला स्पोर्ट्स शूज घेऊन गेलो, तर म्हणाली, "काका, साधेच आणायचे ना, शाळेत चालले असते."

इथे माझंही सांगून टाकतो, म्हणजे नुसतं नगरपरिषदेला बोलल्यासारखं नको. पहिलं वर्ष मी दरमहा पैसे पाठवले. दुसऱ्या वर्षी आमचं फ्लॅटचं कर्ज झालं आणि मी "लागले तर सांगा" वर आलो. त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही कधी खोदून विचारलं नाही. "आपली माणसं असताना सरकारकडे कशाला हात पसरायचा" असं घरातले काही जण म्हणाले होते, नावं घेत नाही. पण आपली माणसं म्हणजे आम्हीच. आम्ही बाराव्यापर्यंत तीस जण होतो, वर्षश्राद्धाला अकरा. नातेवाईक वाईट असतात असं नाही, त्यांना आपापली घरं असतात. म्हणूनच रोज संध्याकाळी सहा वाजता उघडं असेल असं एखादं दार नातेवाइकांच्या घराचं नसून गावाचं असावं लागतं.

आणि ते दार आहे! वहिनींच्या घरापासून पाच मिनिटांवर नगरपरिषदेचं समाजमंदिर आहे. मोठा हॉल, पंखे, नळ, ट्यूबलाइट. लग्नाच्या मोसमात भाड्याने जातो, एरवी कुलूप. किल्ली कुणाकडे विचारलं तर तीन नावं सांगतात. तिथे संध्याकाळी पाच ते नऊ दोन बायका मानधनावर बसवल्या, सतरंजी, थोडी खेळणी, अभ्यासाला टेबलं, तर गल्लीतली पंधरा-वीस पोरं सांभाळली जातील. आई-वडील दोन्ही असलेल्यांचीही येऊ देत, म्हणजे कुणाच्या कपाळावर 'बिनबापाचं' असा शिक्का नको. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानेसुद्धा कामावर पाच किंवा जास्त लहान पोरं असली तर ती बघायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची असं लिहिलं होतं. खडी फोडणाऱ्या बाईच्या पोराला सांभाळायला माणूस लागतो हे कायद्याला कळलं होतं, मग पिग्मीवालीच्या पोराला का नको?

पैसे कुठले, हा प्रश्न येणारच. महिला व बालकल्याणासाठी शहरी संस्थांनी आपल्या अर्थसंकल्पातले पाच टक्के आणि ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के ठेवायचे असतात. ते ठेवलेही जातात. खर्च कशावर होतात? शिलाई मशीन. आमच्या एका गल्लीत तीन पालिकेच्या मशिनी आहेत आणि ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायका साधारण तेवढ्याच. नाहीतर ब्युटी पार्लरचं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, महिला दिनाला संगीत खुर्ची. मशीन देताना फोटो निघतो हे त्यातलं खरं कारण आहे असं माझं मत. संध्याकाळी हॉल उघडा ठेवला याचा फोटो कसा काढणार? सगळीकडे असंच आहे असं नाही. नवी मुंबई महापालिका विधवा आणि घटस्फोटित बायकांच्या मुलांना शिष्यवृत्ती देत आली आहे. म्हणजे मनात आणलं तर स्थानिक संस्थेला स्वतःच्या तिजोरीतून एकल पालकाच्या मुलाला थेट हात देता येतो, कुणाची परवानगी मागत बसावी लागत नाही.

संगीत खुर्चीवरून आठवलं. महिला दिनाच्या त्या कार्यक्रमाला जोडून दर वर्षी हळदीकुंकू असायचं. वहिनींना बोलावणं नसायचं असं नाही, कार्ड यायचं. त्या जायच्या नाहीत. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं सुचवलं. एका खेड्याच्या ग्रामसभेने, एक रुपया निधी न लागता, राज्याला दिशा दिली. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे. पण बाकीच्या गावांत नंतर जे ठराव झाले त्यातले किती वहीत राहिले आणि किती घरांत पोचले हे त्या त्या गावालाच ठाऊक. माझ्या मते अशा ठरावाला जोडूनच त्या सभेत गावातल्या एकल पालकांची घरं मोजावीत. बांगड्या फोडल्या नाहीत, चांगलं झालं, आता पोरांच्या फीचं काय, इथपर्यंत यावं.

मोजायचं म्हटलं, की सगळ्यांत अवघड घरं वेगळीच आहेत. नवरा मेला तर निदान दाखला तरी असतो. टाकून गेला तर? वहिनींच्या ओळखीची एक बाई आहे, भांडी घासते. नवरा सात वर्षांपूर्वी कामाला म्हणून गेला तो गेलाच. घटस्फोट नाही, मृत्यू नाही, पोटगीचा तर प्रश्नच नाही. तिला एका कार्यालयात (कुठल्या ते सांगत नाही) सांगितलं, की नवऱ्याचं ना-हरकत पत्र आणा. टाकून गेलेल्या नवऱ्याचं, टाकून गेल्याबद्दल! २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक मागितला तेव्हा तिची पुन्हा पंचाईत. दोन्ही नसलेल्या बायकांचा ओरडा झाल्यावर त्यात सुधारणा झाली म्हणा. पण अर्ज बनवणाऱ्याच्या डोक्यात बाईच्या मागे एक पुरुष असतोच, हे त्यातून कळलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितलंय, की अविवाहित आईने मुलाच्या जन्मदाखल्यासाठी अर्ज केला तर तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घ्या आणि दाखला द्या. तो दाखला देणारी खिडकीही पालिकेचीच. मग टाकलेल्या बाईचं प्रतिज्ञापत्र का चालू नये? अमक्या घरात नवरा नाही हे गल्लीला, अंगणवाडीला, रेशन दुकानदाराला, सगळ्यांना माहीत असतं. पाच शेजाऱ्यांच्या सह्या आणि नगरसेवकाचा पंचनामा एवढ्यावर पालिकेने वर्षभराचा दाखला द्यावा, दर वर्षी तपासून नवा करावा. खोटे दाखले निघतील? निघतील काही. सध्या खरेच निघत नाहीत.

बापांचंही एक वाक्य, कारण आमच्याकडे एक रिक्षावाले काका आहेत, बायको गेली, तीन मुली. 'महिला' व बालकल्याण अशी पाटी बघून ते कधी आत गेलेच नाहीत. बालसंगोपन त्यांच्या मुलींनाही लागू होतं, हे त्यांना वहिनींनी सांगितलं. पिग्मी गोळा करता करता. ज्या बाईला स्वतःला ही योजना चौकटीतून कळली ती आता गावभर दुकानादुकानात सांगत फिरते. तिला त्याचं कमिशन नाही.

तर मी हे सगळं नीट मांडून, मुद्दे घालून, कायद्याची वर्षं लिहून साडेतीन पानांचा अर्ज केला आणि वहिनींना व्हॉट्सॲपवर पाठवला. रात्री नऊनंतर, पिग्मी संपल्यावर, त्यांचा फोन आला.

"भाऊजी, छान लिहिलंय. पण एवढं तो वाचायचा नाही."

"मग काय कमी करू?"

"काही कमी करू नका, तुमच्याकडे ठेवा. मी त्याला एकच ओळ देते. समाजमंदिराची किल्ली. ती मिळाली की दाखल्यांचं बघू." मग जरा थांबून, "आणि त्या खो-खोचं काढून टाका. ती वाचेल."

अर्जातून काढलं. इथलं ठेवू का, म्हणून थोरलीलाच विचारलं. ती म्हणाली, "ठेव. पण लिही, की आता मी धाकट्यालाच खो-खो शिकवते, गल्लीत. त्याला बसायला जमतं, उठायला नाही जमत."

दाखल्याची दहावी प्रत अजून आहे. वहिनींनी ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलीय.